पद्मा कोष्टीची बाटली

“जरा बेतानं धरा बाई, ताजी हाय,” असं म्हणत तिनं बाटली माझ्या हातात दिली.

प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर साठीची एक बाई उभी होती. हिरवं इरकल, नाकातोंडावर मास्क आणि मास्कवरून परत पदर. बाटली साखरेच्या पिशवीत, पिशवी फडक्यात, फडकं जेवणाच्या डब्याच्या थैलीत. इतका बंदोबस्त मी हापूसच्या पेटीलाही कधी पाहिला नव्हता.

“कुणाची?” मी विचारलं.

“पद्मा कोष्टीची. सून हाय माझी. करोनाच्या वार्डात हाय. बाळंत झालीया, मुलगी झाली.” मुलीचं मी विचारलंच नव्हतं. पण ते सांगताना तिचे मास्कवरचे डोळे असे लकाकले, की मीही आपली ‘अरे वा’ म्हणून गेले.

“सॅम्पल सिस्टरनी आणायचं असतं ना, आक्का?”

“सिस्टर दमल्यात वो. मीच म्हणलं, हिकडं डबा घिऊन येतीया तर पोचवती. माझं नाव बायजाक्का. काय लागलं तर हाक मारा, मी त्या मांडवात असती.” नातेवाइकांसाठी आवारात पत्र्याचा मांडव घातला होता, त्याच्याकडं तिनं हात केला आणि तरातरा निघूनही गेली.

करोनाच्या पहिल्या वर्षाची ही गोष्ट. कृष्णाकाठच्या एका जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मी सूक्ष्मजीवशास्त्राचं एमडी करत होते. सगळं जग माणसांच्या नाका-घशात काड्या घालत होतं आणि आमचे मुजावर सर मात्र म्हणाले, “आपण खालून बघू या.” लागण झालेल्या रुग्णांच्या शौचात हा विषाणू सापडतो का, सापडला तर किती दिवस, हे बघायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. मदतीला मी. घरी फोनवर हे सांगितलं तेव्हा आईनं ते आधी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाली, “आसावरी, एवढं शिकवलं ते हे चिवडायला? आता कुरुंदवाडला कुणी विचारलं तर मी काय सांगू?”

“सांग, डॉक्टर आहे,” मी म्हटलं. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ. “आणि लग्नाचं स्थळ आलं तर हेच आधी सांग, म्हणजे टिकाऊ तेवढंच पुढं येईल.”

थट्टा सोडा, काम मात्र किचकट होतं. शौच म्हणजे आठवडी बाजार. त्यात काय नसतं? त्या गर्दीतून विषाणूचा केसाहून बारीक जनुकीय धागा निवडायचा, धुवायचा आणि मशीनमध्ये घालायचा. मशीन त्या धाग्याच्या प्रती काढत जातं. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. धागा असला तर पडद्यावरची रेघ हळूहळू मान वर करते आणि मग सरळ चढतच जाते. नसला तर आडवी पडून राहते, उन्हात पडलेल्या म्हशीसारखी. विषाणू कुणाला डोळ्यांनी दिसत नाही. आम्हाला दिसायची ती रेघ.

पद्माची रेघ चढली. साधीसुधी नाही, इतरांच्या आधी उठली आणि वर गेली. मी तिचे कागद काढून पाहिले. ताप जाऊन आठवडा होऊन गेलेला. घशाची तपासणी कालच केलेली आणि ती निर्मळ.

मुजावर सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“बघ आसावरी,” ते हळू आवाजात म्हणाले. “ताप गेला, खोकला गेला, घसा साफ. आपण म्हणणार, पेशंट बरा झाला. आणि हा आत बसलाय निवांत.”

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. भीतीचा नव्हे. देवळाच्या गाभाऱ्यात दिवा वर धरल्यावर मागची मूर्ती दिसावी, तसं काहीतरी झालं. एवढंसं काहीतरी, कुणाच्याही नजरेला न पडणारं, एका बाईच्या पोटाच्या अंधारात बसलंय, आणि आम्ही दोघं जगाच्या एका कोपऱ्यात उभं राहून त्याला पाहतोय!

हा आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. मग बाळंतपण विभागाच्या घोरपडे मॅडमचा फोन आला.

“तुमचा रिपोर्ट बघितला. बरं झालं कळवलंत. उद्या मी बाळ आईकडं देणार होते. आता नाही देत.”

“पण मॅडम, बाळ…”

“मुलगी मूठभर आहे गं,” मॅडम म्हणाल्या. “दिवस भरायच्या आत झालेली. तिची तपासणी साफ आहे, जन्मल्यापासून वेगळ्या खोलीत ठेवलीय. आईनं अजून बोटसुद्धा लावलेलं नाही. आता आईच्या पोटात तो आहे म्हटल्यावर मी कशी जोखीम घेऊ? उद्या सकाळी जीपनं आजीबरोबर गावी पाठवते. आजीचा घसा तपासलाय, साफ आहे.”

“आणि दूध?”

“वरचं पाजतील. बोंडल्यानं, वाटी-चमच्यानं. दुसरा इलाज आहे का?” मॅडमचा आवाज जरा चिरकला. “ती पोरगी दूध काढून मोरीत ओततेय रोज. नवरा सुरतेला यंत्रमागावर अडकलाय. मला काय हौस आहे का, सांग?”

त्या काळात कुणालाच काही नीट ठाऊक नव्हतं. शौचातला तो धागा जिवंत असतो की नुसती कात टाकलेली असते, त्यानं दुसऱ्याला लागण होते की नाही, कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं. मॅडमना बोल लावण्यात अर्थ नव्हता. पण आमच्या रेघेनं एका ओल्या बाळंतिणीचं मूल तिच्यापासून तोडलं होतं, आणि ते माझ्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, परत एकदा करून बघायचं. पद्माच्या बाटलीत थोडं उरलं होतं. झाकण उघडलं, काडी घातली आणि हात तसाच राहिला.

पिवळं. पातळ आणि पिवळं.

आता हे वाचताना कुणी जेवायला बसलं असेल तर माफी असावी. पण गरोदर बाईला आणि बाळंतिणीला आपल्याकडं लोहाच्या गोळ्या देतात, रक्त वाढायला. त्या गोळ्या खाणाऱ्या बाईचं शौच काळं होतं, अगदी काजळासारखं. हे शिकायला एमडी लागत नाही, गोळ्या घेतलेल्या कुठल्याही बाईला विचारा. मी वॉर्डच्या सिस्टरना फोन लावला.

“सिस्टर, पद्मा कोष्टी लोहाच्या गोळ्या घेते का?”

“घेते म्हणजे? माझ्यासमोर गिळायला लावते. एकही चुकवू देत नाही.”

“जुलाब होतायत का तिला?”

सिस्टर हसल्या. “कुठलं आलंय! उलट आहे. का हो?”

मी उत्तर न देता फोन ठेवला आणि पीपीई किटचा पांढरा बोचका अंगावर चढवून वॉर्डात गेले.

पद्मा खिडकीजवळच्या खाटेवर बसली होती. वीस-एकवीसची पोर. खिडकीला गज, गजांना सरकती काच, आणि खिडकीपलीकडं आवार. तिचे डोळे सुजले होते. आज बाळ गावी जाणार, हे तिला सांगितलेलं दिसत होतं.

“पद्मा, एक विचारते, घाबरू नको. ती जी बाटली दिलीस ना, ती तुझीच होती?”

तिनं मान खाली घातली. मग खिडकीतून मांडवाकडं बघितलं. मग परत मान खाली.

“बोल गं बाई. रागावणार नाही कुणी.”

“मॅडम, टाकं दुखत्यात वो,” ती एकदम रडायलाच लागली. “बाळंत झाल्यापास्नं बसायचंच भ्या वाटतंय. हुईनाच. सिस्टर सारख्या इचारायच्या, भरली का बाटली, भरली का. मला लाज वाटाय लागली. आत्ती डबा घिऊन आल्या तवा मी खिडकीतनं म्हणलं, आत्ती, हुईना मला. तर आत्ती म्हणल्या, दे हिकडं. त्यात काय रडायचं?”

“आणि तू रिकामी बाटली दिलीस?”

“सासूला न्हाई कसं म्हणायचं, मॅडम?”

मला त्या बोचक्याच्या आत खुदकन हसू फुटलं. आई गं! विषाणूचा शोध लावायला निघालेलो आम्ही, आणि इथं सासूनं सुनेचं काम उरकून टाकलेलं, जसं दळण आणावं, लाइटबिल भरावं तसं.

आणि मग हसू जागच्या जागी गोठलं. पद्माची रेघ जर पद्माची नव्हती, तर ती कुणाची होती?

खिडकीबाहेर जीप उभी होती. मी धावले. तो पोशाख घालून धावणं म्हणजे पोत्यात पाय घालून पळणं. व्हरांड्याच्या पायरीशी बायजाक्का उभी. तिच्या हातात लाल कुंची आणि धुऊन मऊ झालेलं दुपटं. नवजात खोलीची सिस्टर बाळाला घेऊन पायऱ्या उतरत होती, आणि बायजाक्कानं दोन्ही हात पुढं केले होते.

“थांबा!” मी ओरडले. “देऊ नका! सिस्टर, देऊ नका!”

सगळे दचकले. मी धापा टाकत दोघींच्या मध्ये जाऊन उभी राहिले. बायजाक्काच्या भुवया चढल्या.

“काय झालं? नात हाय ती माझी! जल्मल्यापास्नं लांबनं बगतीया. आज कुठं हातात येतीया, तर तुमी आडव्या?”

“आक्का, एकच सांगा. बाटलीत कुणाचं होतं?”

जीपचा ड्रायव्हर कान टवकारून ऐकत होता. दुसरी एखादी असती तर शरमेनं मेली असती. बायजाक्का नाही.

“माझं. मग?” ती म्हणाली. “तिला हुईना, पोरगी रडाय लागली. म्हणलं, नड भागवावी. एका चुलीवरचं खातोय आमी. जे तिच्या पोटात, तेच माझ्या पोटात. तपासून काय येगळं निगनार हाय?”

ड्रायव्हर फस्सकन हसला. मला हसता येईना.

“तुमचं पोट कसं आहे, आक्का?”

“पोट? जरा ढाळ लागल्यात. हितलं पानी बाधलंय मला. पद्मीला आणल्यापास्नं तसंच हाय.” आणि माझ्या तोंडाकडं बघत तिचे पुढं केलेले हात आपोआप खाली आले. “का वो? बाई, का?”

बाळ खोलीत परत गेलं. जीप रिकामी गेली. मी दोन नव्या बाटल्या घेतल्या, एक सासूला आणि एक सुनेला, आणि दोघींना बजावलं की आता नातं बाजूला ठेवा, ज्याचं त्यानं भरायचं. बायजाक्काची लगेच आली. पद्मासाठी सिस्टरनी औषध दिलं, बायजाक्कानं मांडवातून निरोप धाडला की कोमट दुधात तूप घालून द्या, आणि दोन्हीपैकी कशाचा तरी गुण आला. सिस्टर बाटली घेऊन स्वतः आल्या. काळीकुट्ट! काळा रंग बघून एवढा आनंद मला उभ्या आयुष्यात झाला नव्हता.

दोन्ही सॅम्पलं एकदमच लावली. बायजाक्काचा घसाही परत घेतला होता, तोही लावला. घोरपडे मॅडमना दम निघेना, त्या खालच्या मजल्यावरून आमच्याकडं येऊन बसल्या. मुजावर सर, मॅडम आणि मी, तिघं त्या पडद्याकडं टक लावून. पंख्याचा तेवढा आवाज.

पद्माची रेघ आडवी. आडवीच.

बायजाक्काच्या घशाची रेघ आडवी.

आणि बायजाक्काच्या पोटाची रेघ उठली. पहिल्यासारखीच, कुणाची वाट न बघता, सरळ वर.

“सुभानअल्लाह,” मुजावर सर पुटपुटले. त्यांचे डोळे भरून आले होते. मॅडमनी हात जोडलेले मी पाहिले. कुणाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मी आपली बघत राहिले. ही बाई मांडवात झोपत होती, डबे पोचवत होती, ड्रायव्हरला दमात घेत होती. ना ताप, ना खोकला. घसा दोनदा तपासला आणि दोन्हीदा त्यानं काही नाही म्हणून सांगितलं. आणि तिच्या आत लाखांनी, कोटींनी विषाणू वस्तीला होता. तिची ही तपासणी कुणी केलीच नसती. ती रुग्णच नव्हती. सुनेची नड भागवायला तिनं आपला हात पुढं केला, म्हणून तो आम्हाला दिसला. मी स्टूल ओढून बसले.

“बाळ आईकडं,” घोरपडे मॅडम उठत म्हणाल्या. “आत्ताच्या आत्ता. आईला वेगळ्या खोलीत हलवा आणि आजींना करोनाच्या वॉर्डात घ्या.”

बायजाक्काला सांगायचं काम माझ्याकडं आलं. मांडवाबाहेर हातभर लांब उभं राहून मी सगळं सांगितलं. ती हातातल्या कुंचीच्या नाड्या गुंडाळत-सोडत होती. शेवटी म्हणाली,

“म्हंजे मी पोरीला घिऊन गेली असती, माझ्या हातानं पाजलं असतं, तर…?”

“माहीत नाही, आक्का. खरंच माहीत नाही. कदाचित काहीच झालं नसतं.”

“आणि कदाचित झालं असतं.”

“हो.”

तिनं हातातली कुंची आणि दुपटं माझ्याकडं देण्यासाठी पुढं केलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत मागं घेतलं. “ह्ये बी नगं. म्या शिवलंय ह्याला,” असं म्हणून ते आपल्या थैलीत कोंबलं. रडली नाही. फक्त म्हणाली, “वार्डात जायच्या आदी एकदा पद्मीच्या खिडकीवरनं जाऊ?”

गेलो. मी चार हात मागं.

नव्या खोलीच्या खिडकीत पद्मा उभी होती, आणि तिच्या छातीशी ती मूठभर पोर. नुकतीच पिऊन झाली असावी. तोंड अर्धवट उघडं, ओठावर दुधाचा थेंब. पद्माच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी काय नाव देऊ? मी डॉक्टर होऊन शेकडो माणसं पाहिली, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला एखाद्याच्या पाया पडावंसं वाटलं. तिनं सासूला बघितलं आणि एका हातानं खिडकीची काच सरकवायला लागली.

“उघडू नगं!” बायजाक्का जोरात ओरडली. “काच लाव. घट लाव, पद्मे. लागली का?”

“लागली, आत्ती.”

“आता ऐक.” काचेमुळं तिला मोठ्यानं बोलावं लागत होतं, सगळं आवार ऐकत होतं. “आपल्यात पयलं लेकरू घरात आलं की आदी आजीच्या ओटीत घालत्यात. मला घातलं हुतं, तुज्या नवऱ्याला घातलं हुतं. चुकवायचं न्हाई.”

आणि तिनं खिडकीखाली उभं राहून आपला पदर दोन्ही हातांनी पसरला. हिरवा पदर, काचेला टेकेल न टेकेल असा.

पद्माला कळायला क्षण लागला. मग तिनं मुलीला दोन्ही तळव्यांवर घेतलं आणि काचेच्या आतल्या बाजूनं हळूहळू खाली आणलं, खिडकीच्या कट्ट्यापर्यंत, बरोबर त्या पदराच्या वर. मधे काच. पोरीनं एक पाय झाडला, तेवढंच.

व्हरांड्यात सिस्टर होत्या, झाडूवाल्या मावशी होत्या, मुजावर सर कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे.

बायजाक्कानं पदराची दोन्ही टोकं जुळवली. तो रिकामा पदर तिनं ओटीसारखा गोळा करून पोटाशी धरला आणि वॉर्डाकडं निघाली. दारात एक वॉर्डबॉय खाट ढकलत येत होता. तिनं त्याला लांबूनच हटकलं.

“सर की बाजूला, बाबा. दिसत न्हाई व्हय, लेकरू हाय माझ्यापाशी.”

वॉर्डबॉयनं तिच्या पदराकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, आणि खाट भिंतीला लावून तिला वाट दिली.